ट्रॅफिक ओव्हरलोडचा अलार्म परत परत येतोय? नव्या लाइनी मागवण्याआधी एवढं बघा

सोमवारी सकाळी साडेनऊला माझा मोबाइल वाजला की पलीकडचं वाक्य मला बहुतेक पाठ असतं. "काका, एक्स्चेंजवर तांबडा दिवा लागलाय, बाहेरून कुणाला फोनच लागंना झालाय. आणखी लाइनी घ्याव्या लागतील काय?"

सोलापुरातली रुग्णालयं, चादरी-टॉवेलचे कारखाने, स्टँडजवळचे लॉज, अशा ठिकाणचे ईपीएबीएक्स, म्हणजे इमारतीतली छोटी टेलिफोन एक्स्चेंज, सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. या एका अलार्मसाठी किती वेळा जिने चढलो त्याची मोजदाद नाही. पण त्यात लाइनी खरोखरच कमी पडल्यात, असं क्वचितच निघालं. बाकी सगळीकडे लाइनी होत्या, पुरेशा होत्या, फक्त अडकून पडल्या होत्या. कुणी बोलत नव्हतं आणि तरी त्या मोकळ्या नव्हत्या. म्हणून खर्चाचा कागद साहेबांपुढे ठेवण्याआधी खालची तपासणी करा. सुरुवातीच्या गोष्टींना एक पैसा लागत नाही.

लक्षणं

बाहेरच्याला एंगेज टोन किंवा "सर्व लाइन्स व्यस्त आहेत" ऐकू येतं, आणि आत निम्मे फोन गप्प पडलेले असतात. ऑपरेटरच्या कन्सोलवर ट्रंकचे, म्हणजे बाहेरच्या लाइनींचे, सगळे दिवे पेटलेत, पण ऑपरेटरबाई मात्र हातावर हात ठेवून बसल्यात. आतून बाहेरची लाइन घ्यायला शून्य दाबलं की टोन यायला तीन-चार सेकंद लागतात. कधी टोन येतो, पण नंबर दाबला तरी तो तुटत नाही, घूंऽऽ असा चालूच राहतो. अलार्म दोन मिनिटं येतो, जातो, परत येतो. रोज साधारण त्याच वेळेला येतो.

आणि अलार्म रात्री दोनला येत असेल, तर तो वेगळाच आजार आहे. त्यांनी आधी खालचा रात्रीच्या अलार्मचा भाग वाचावा.

सगळ्यात आधी: रीस्टार्ट करू नका

हे लिहावं लागतं, कारण मी पोचेपर्यंत कुणीतरी स्विच बंद-चालू केलेलाच असतो. रीस्टार्टने अडकलेल्या लाइनी सुटतात, त्यामुळे दुखणं बरं झाल्यासारखं वाटतं. दुपारपर्यंत परत तेच. शिवाय बऱ्याच सिस्टिममध्ये ट्रॅफिकचे आकडे मेमरीत असतात, ते रीस्टार्टबरोबर पुसले जातात. मग मी आलो तरी बघायला काही शिल्लक नसतं.

त्यापेक्षा एका वहीत अलार्मचे शब्द जसेच्या तसे, वेळ, किती मिनिटं टिकला आणि त्या क्षणी किती ट्रंक भरलेल्या होत्या, एवढं लिहा. आठवडाभराची अशी वही माझा अर्धा दिवस वाचवते.

अलार्म कशाचा आहे ते वाचा

"ओव्हरलोड" हा एकच शब्द दिसला तरी त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एसटी स्टँड डोळ्यांपुढे आणा. फलाट भरले की गाडी आत घेता येत नाही, तसं सगळ्या ट्रंक भरल्या की कॉल आत येत नाही. चौकशीच्या खिडकीवर रांग लागली तर फलाट रिकामे असूनही माणूस अडकतो. तुम्ही दाबलेला नंबर ऐकून घेणारे डीटीएमएफ रिसीव्हर म्हणजे ही खिडकी. मध्यम आकाराच्या सिस्टिममध्ये ते मोजकेच असतात, कारण प्रत्येक कॉलला ते फक्त काही सेकंदच लागायला हवेत. आणि तिसरा तो कंट्रोलर, म्हणजे प्रोसेसर. त्याच्याकडे एका वेळी इतकी माणसं आली की त्याला मान वर करायला वेळ नाही.

वरच्या लक्षणांपैकी टोन यायला उशीर झाला किंवा टोन आला पण नंबर दाबून तुटेना, ही बहुधा खिडकीची तक्रार. आत फोन गप्प आणि ट्रंक भरलेल्या, ही फलाटाची. सगळंच संथ झालं असेल, कन्सोलसुद्धा उशिरा दाद देत असेल, तर कंट्रोलरची.

पहिली फेरी: पायी

इमारतीतून एक चक्कर मारा आणि रिसीव्हर नीट ठेवले नाहीत असे फोन शोधा. खुळचट वाटेल, पण करा. रिसीव्हर उचललेला राहिला की सिस्टिम त्याला टोन देते, नंबर ऐकायला एक डीटीएमएफ रिसीव्हर बांधून ठेवते, आणि ठरावीक सेकंदांनी कंटाळून त्या एक्स्टेंशनला बाजूला टाकते. एवढ्यावर भागलं तर फारसं बिघडत नाही. खरा त्रास देतो तो अर्धवट बसणारा हुक.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी याच्यामागे तीन दिवस घालवले. डीटीएमएफ रिसीव्हर संपल्याचा अलार्म यायचा तो फक्त दिवसपाळीत, माग चालू असताना. शेवटी लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमने ठेवलेल्या नोंदींत, एकच एक्स्टेंशन मिनिटाला पंधरा-वीस वेळा उचललं-ठेवलं गेल्याचं दिसलं. जाऊन बघतो तर लूमच्या शेडमधला भिंतीवरचा फोन. हुकच्या खाचेत सुताची लव बसून बसून तिचा नमद्यासारखा घट्ट थर झाला होता. रिसीव्हर ठेवला की हुक खाली जायचा, पण पूर्ण नाही. माग चालू झाले की भिंत थरथरायची आणि हुक तेवढ्या अंतरात वरखाली नाचायचा. प्रत्येक नाचाला सिस्टिमला वाटायचं, कुणीतरी नवा कॉल करतंय. जुना टूथब्रश आणि दहा मिनिटं, एवढ्यावर काम झालं. तो ब्रश अजून माझ्या बॅगेत आहे.

पावसाळ्यात हेच काम ओलसर जोड करतो. क्रोन मॉड्यूलच्या, म्हणजे तारा जोडायच्या पट्ट्यांच्या, पेटीत पाणी मुरलं की दोन तारांमध्ये थोडी गळती होते आणि न उचललेला फोन सिस्टिमला उचलल्यासारखा दिसतो. संशय असलेल्या एक्स्टेंशनची जोडी एमडीएफवर, म्हणजे सगळ्या तारा एकत्र येतात त्या मुख्य चौकटीवर, काढून ठेवा. अलार्म थांबला तर चोर सापडला.

दुसरी: कुठली ट्रंक किती वेळ भरलेली आहे

कन्सोलवर किंवा प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू कॉल आणि त्यांची वेळ दिसते. तासाभराच्या वर गेलेला प्रत्येक कॉल संशयित. त्या एक्स्टेंशनला जाऊन विचारा. "मी तर कधीच ठेवला" असं उत्तर आलं, की ती ट्रंक अडकलेली आहे.

साध्या तांब्याच्या लाइनींवर हे फार होतं. पलीकडच्याने फोन ठेवला हे तुमच्या सिस्टिमला मुख्यतः दोन गोष्टी सांगतात: लाइनवरची पोलॅरिटी (दोन तारांचं धन-ऋण) उलटणं किंवा एंगेज टोन ऐकू येणं. पोलॅरिटी प्रत्येक लाइनवर मिळतेच असं नाही. मग सगळी भिस्त टोनवर. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद असा. सिस्टिममध्ये दुसऱ्या देशाची सेटिंग राहिली असेल तर तिला हा टोन ओळखूच येत नाही, आणि ती लाइन धरून बसते. नवं मशीन बसवताना देश निवडायचा राहिला, एवढीच चूक, आणि चार-चार महिने अलार्म.

तपासायला सोपं आहे. स्वतःच्या मोबाइलवरून त्या लाइनवर फोन करा, आत उचलायला लावा, मग तुम्ही आधी ठेवा. घड्याळ लावून बघा, ट्रंक मोकळी व्हायला किती वेळ लागतो. काही सेकंदांत सुटली तर ठीक. मिनिट उलटून गेलं तर देशाची सेटिंग आणि टोन ओळखण्याची सेटिंग बघा. प्रत्येक लाइनवर वेगळी चाचणी घ्या, कारण आठातल्या दोनच लाइनी बिघडलेल्या असू शकतात.

याच यादीत फॉरवर्ड केलेले कॉलही दिसतील. डॉक्टरांनी आपलं एक्स्टेंशन मोबाइलवर वळवलं की एक कॉल दोन चॅनेल, म्हणजे दोन लाइनींची जागा, खातो, एक आत येणारा आणि एक बाहेर जाणारा. डॉक्टर दहा मिनिटं बोलले तर दोन्ही दहा मिनिटं गेले. सुट्टीवर जाताना लावलेलं फॉरवर्ड परत आल्यावर काढायला कुणाच्या लक्षात राहतंय? महिन्यातून एकदा फॉरवर्डची यादी काढून साफ करा. २१४ ने २३१ वर आणि २३१ ने परत २१४ वर वळवलंय, अशा फुगड्याही सापडतात.

तिसरी: स्वागताचा संदेश

याच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे फुकटात सगळ्यात जास्त मिळतं आणि इथेच कुणी बघत नाही.

शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात दर सोमवारी साडेनऊ ते साडेदहा ओव्हरलोड यायचा. पेशंट अक्कलकोट, तुळजापूर, इंडी, विजापूर असे चारी बाजूंनी येणारे, नंबर लावायला सगळे त्याच तासात फोन करणार. पीआरआय, म्हणजे एकाच जोडणीतून बरेच कॉल नेणारी डिजिटल लाइन, एकच. म्हणजे बोलायला ३० चॅनेल. व्यवस्थापनाने दुसरी पीआरआय मागवायचं जवळपास ठरवलं होतं. मी बाहेर चहाच्या गाडीवर उभा राहिलो, मोबाइलवरून त्यांच्याच नंबरला फोन लावला आणि घड्याळ बघितलं. मराठीत नमस्कार, कन्नडमध्ये नमस्कार, हिंदीत नमस्कार, मग शिबिराची माहिती, मग नव्या मशीनचं कौतुक. "अपॉइंटमेंटसाठी एक दाबा" यायला ४८ सेकंद लागले. आणि मधे कुठलं बटण दाबलं तरी ते घेत नव्हतं.

आता हिशोब बघा. त्या तासात जोडले जाणारे कॉल साधारण ४००. संदेश धरून एक कॉल सरासरी ३ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे २२० सेकंद चालायचा. ४०० गुणिले २२० म्हणजे ८८,००० सेकंद. भागिले ३,६००, की येतात २४.४. याला एरलँग म्हणतात. एक चॅनेल पूर्ण तासभर भरलेला राहिला तर एक एरलँग. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलँग या डॅनिश गणितज्ञाचं हे नाव. १९१७ साली त्याने मांडलेलं सूत्र आजही आम्ही तसंच वापरतो. ते सांगतं की ३० चॅनेलवर २४.४ एरलँग आले तर शंभरातले चार-पाच कॉल आपटणार, म्हणजे लागणारच नाहीत.

संदेश ४० सेकंदांनी कमी केला. आधी तीन भाषांचा पर्याय, आठ सेकंदांत, आणि मधेच बटण दाबलं तरी चालेल अशी सेटिंग. कॉल १८० सेकंदांवर आला, ट्रॅफिक बरोबर २० एरलँगवर. ३० चॅनेलवर शंभरात एक कॉल आपटण्याची मर्यादा २०.३ एरलँगला येते. म्हणजे दुसऱ्या पीआरआयची गरजच उरली नाही. शिबिराची माहिती होल्डच्या संगीताच्या जागी टाकली. साहेब थोडे नाराज होते, पण पुढच्या सोमवारी दिवा लागला नाही.

एक सापळा मात्र सांगतो. लॉगमध्ये "प्रयत्न" किती आणि "उत्तर दिलेले" किती, हे दोन आकडे वेगळे असतात. फोन न लागलेला माणूस गप्प बसत नाही, लगेच परत लावतो. त्यामुळे ७०० प्रयत्न म्हणजे ७०० माणसं नव्हेत. प्रयत्नांच्या आकड्यावर लाइनींचा हिशोब कुणी मांडत असेल, तर त्याला तिथेच थांबवा.

चौथी: पीआरआयचे सगळे चॅनेल जिवंत आहेत का

पीआरआयमध्ये ३२ खाचा असतात. एक ताळमेळ राखायला, एक सिग्नलिंगला, उरलेल्या ३० बोलायला. स्टेटसच्या पडद्यावर तीसच्या तीस "मोकळा" किंवा "व्यस्त" दिसले पाहिजेत. बारा चॅनेल "सेवेबाहेर" दिसले तर तुमच्याकडे १८ च उरले, आणि त्याच २० एरलँगला १८ चॅनेलवर पाचातला एक कॉल आपटतो. गर्दी तेवढीच आहे, फलाट तोडून ठेवलेत. दुरुस्तीला आलेल्या कुणीतरी चाचणीसाठी चॅनेल बंद केले आणि उघडायचे राहिले, हेही मी पाहिलंय.

सगळे चालू असूनही कॉल मधेच तुटत असतील तर कार्डावरचे एररचे आकडे बघा. स्लिप, म्हणजे दोन बाजूंची घड्याळं न जुळल्याने होणाऱ्या चुका, वाढत असेल तर बहुधा घड्याळाची सेटिंग चुकलीय. तुमच्या सिस्टिमने वेळ लाइन देणाऱ्या कंपनीकडून घ्यायची असते, स्वतःची चालवायची नसते. स्लिपने थेट ओव्हरलोड होत नाही, पण तुटलेला प्रत्येक कॉल परत लावला जातो आणि गर्दी वाढते.

याच ठिकाणी कॉल संपल्याचे कोड दिसतात. १६ म्हणजे नीट संपला. १७ म्हणजे समोरचा व्यस्त. ३४ म्हणजे मोकळा चॅनेल मिळाला नाही, ४२ म्हणजे स्विचच (एक्स्चेंजच) गर्दीत आहे. तुमचे चॅनेल मोकळे असताना बाहेर जाणाऱ्या कॉलवर पलीकडून ३४ किंवा ४२ येत असेल, तर अडचण कंपनीच्या बाजूला आहे. तुम्ही आत कितीही खुडबुड केलीत तरी ती जाणार नाही. वेळेसकट कोड लिहून तक्रार नोंदवा.

रात्रीचा अलार्म

ऑफिस बंद, सगळे घरी, आणि रात्री दोन ते चार सगळ्या ट्रंक भरलेल्या. पहिला संशय चोरीचा घ्या. बाहेरून फोन करून आतली लाइन वापरण्याची सोय उघडी राहिली असेल, व्हॉइसमेलचा पासवर्ड १२३४ असेल किंवा आयपीवर चालणारी सिस्टिम थेट इंटरनेटला लावलेली असेल, तर कुणीतरी तुमच्या खर्चाने परदेशात फोन फिरवतोय. इथे हळूहळू तपास करत बसू नका. आयएसडी बंद करा, ती बाहेरची सोय बंद करा, पासवर्ड बदला, कंपनीला त्याच क्षणी कळवा. लॉग पुसू नका, बिलाच्या वादात तोच लागतो.

प्रोसेसर

कॉल मोजकेच आणि तरी प्रोसेसरचा अलार्म, तर बाहेरून काय जोडलंय ते बघा. बिलिंगचा संगणक, कॉल रेकॉर्डर, सेकंदासेकंदाला "कोण मोकळं आहे" विचारणारं एखादं नवं सॉफ्टवेअर. एकेक सोडवून अर्धा तास थांबा. बॅकअप सकाळी अकराला लावलेला असेल तर रात्री तीनला न्या. मे महिन्यात एक्स्चेंजच्या खोलीचा एसी चालू आहे ना, तेही बघा. सोलापूरचा उन्हाळा कार्डांना माणसांपेक्षा आधी लागतो.

अलार्मची मर्यादा वाढवून दिवा विझवायचा मोह होईल. करू नका, आणि ओव्हरलोडचं संरक्षण तर मुळीच बंद करू नका. ताण आला की सिस्टिम चालू कॉल जपते आणि नव्यांना टोन उशिरा देते किंवा नाकारते. ते काढलंत तर चालू कॉलही जातील. एक बदल चालतो: अलार्म लागण्याची आणि विझण्याची पातळी एकच ठेवली असेल तर त्यात अंतर ठेवा, लागायला ८५ टक्के तर विझायला ७५. दर मिनिटाचं लुकलुकणं थांबतं.

आणि खरंच गर्दी असेल तर

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत लॉजवाल्यांचे फोन, निकालाच्या दिवशी कॉलेजचे फोन, हे खरे ओव्हरलोड. एवढं सगळं बघूनही चॅनेल भरत असतील तर लाइनी घ्या. पण उचलणारी माणसं आधी मोजा. चार ऑपरेटर, तीन मिनिटांचा कॉल, म्हणजे तासाला जास्तीत जास्त ८०. रांगेत थांबलेला माणूससुद्धा चॅनेल अडवून थांबतो. माणसं न वाढवता लाइनी वाढवल्या तर फक्त रांग लांब होते. रुग्णालय असेल तर अपघात विभागाला एक लाइन गर्दीपासून वेगळी, १०८ आणि ११२ लावायला कायम मोकळी ठेवा. ही आजच करा.

इथे हात थांबवा

एक्स्चेंजच्या खोलीत जळका वास आला, बॅटरी फुगलेली दिसली, ४८ व्होल्टच्या पुरवठ्यात चढउतार आहे किंवा वीज पडल्यानंतर त्रास सुरू झाला, तर तपासणी तिथेच बंद करा आणि माहितगाराला बोलवा. मागच्या पट्टीतून कार्ड काढायचं, सॉफ्टवेअर बदलायचं, मुख्य पासवर्डने आत शिरायचं, ही कामंही तुमची नव्हेत. चालू सिस्टिममधून चुकीचं कार्ड ओढल्यामुळे सगळी इमारत मुकी झालेली मी पाहिलीय. लाइन देणाऱ्या कंपनीच्या पेटीला तर बोटही लावू नका.

बोलावताना वही जवळ ठेवा. "फोन लागत नाहीत" असं सांगितलंत तर मी हार्डवेअरची सगळी बॅग उचलून येतो. "सोमवारी ९:४० ते १०:१०, सगळ्या ट्रंक व्यस्त, तीसपैकी अठ्ठावीस भरलेल्या, दोन सेवेबाहेर, कोड ३४" असं सांगितलंत तर बऱ्याचदा यावंही लागत नाही.